दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि हर्शस्प्रुंगचा आजार

हर्शस्प्रुंगचा आजार हा मोठ्या आतड्याचा जन्मजात दोष असून तो साधारणतः ५,००० जन्मांमागे एका बालकात आढळतो. गर्भावस्थेत गुच्छिका पेशी (आतड्याच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी) आतड्याच्या भित्तिकेत वरून खाली पसरत जातात. त्या शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत, तर गुदद्वारालगतचा भाग आकुंचितच राहतो, मळ अडतो आणि वरचे निरोगी आतडे फुगते. घाटरस्ता एका वळणावर बंद पडला की मागे वाहनांची रांग लागते, परंतु दोष रांगेत नसून त्या वळणावर असतो, तसाच हा प्रकार होय.

या आजारावरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया (लॅपरोस्कोपी) अमेरिकेतील बालशल्यचिकित्सक कीथ जॉर्जसन यांनी १९९५ मध्ये मांडली. तीत पोटावरील काही मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत नेतात, आतड्याचे नमुने तपासून निरोगी भागाची सीमा ठरवतात आणि सदोष भाग गुदमार्गातून बाहेर ओढून, कापून, निरोगी टोक गुदद्वाराजवळ जोडतात.

छिद्रे लहान म्हणजे शस्त्रक्रियाही किरकोळ, असा समज आढळतो. प्रत्यक्षात लहान होतो तो केवळ पोटावरील छेद; त्यामुळे वेदना कमी होतात आणि बाळ लवकर दूध घेऊ लागते, परंतु आतील काम तेवढेच मोठे असते. शस्त्रक्रियेनंतरही आतड्याचा दाह (एंटरोकोलायटिस) उद्भवू शकत असल्याने ताप, पोटफुगी व दुर्गंधीयुक्त जुलाब दिसताच बालकाला तातडीने रुग्णालयात न्यावे.