गावचा निधी आणि शाळेची नड



शाळेला काही द्यावे असे गावाच्या मनात आले की पहिली सूचना कशाची येते, ते तुम्हांला ठाऊक आहेच. कमानीची! दुसरी येते रंगाची. कमान दुरून दिसते, तिच्यावर वडिलांचे नाव घालता येते, उद्घाटनाला पाहुणे बोलावता येतात. यात वाईट काही नाही. परंतु कमानीखालून रोज जाणाऱ्या पोराला तेवढ्याने भागाकार येऊ लागत नाही. म्हणून आज बोलायचे ते एवढेच, की लोकांनी एकत्र केलेला पैसा वर्गातल्या शिकण्यापर्यंत पोहोचतो कसा, आणि वाटेत अडतो कुठे.

आपल्या नाशिक जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. १९१४ साली नाशकात मराठा विद्या प्रसारक समाजाची सुरुवात झाली. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे अशा मंडळींनी ते काम उभे केले. आरंभ कशाने झाला? शाळेने नव्हे, तर उदोजी मराठा बोर्डिंगने. पुढे १९२० साली राजर्षी शाहू महाराजांच्या हातून या वसतिगृहाची कोनशिला बसली. आता बोर्डिंगच का? शिकवणाऱ्या शाळा शहरात होत्या. पण खेड्यातल्या कुणब्याच्या पोराने शहरात राहावे कुठे आणि खावे काय, हा खरा पेच होता. देणाऱ्यांनी नड बरोबर हेरली. १९३७ साली दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळ काढले, तेव्हा डोंगराकडच्या आदिवासी मुलांची नडही अशीच होती: शाळा हवी, आणि तिच्याबरोबर राहण्या-जेवण्याची सोय हवी.

पैसा नसलेल्यांनी काय करायचे, तेही आपल्याच लोकांनी शोधून काढले. रोज स्वयंपाकापूर्वी घरधनीण मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची आणि ते गोळा होऊन विद्येच्या कामाला लागायचे. हाच मुष्टिफंड. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे रयत शिक्षण संस्थेसाठी ही रीत वापरली. गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना पणजीला १९०८ साली जी मराठी शिक्षणाची संस्था निघाली, तिचे नावच मुष्टिफंड. मूठ लहान, पण ती प्रत्येक घरची असल्यामुळे शाळेत काय चालले आहे हे विचारण्याचा हक्कही प्रत्येक घराला मिळाला. मला तर धान्यापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

योगायोग पाहा. नाशकात बोर्डिंग निघाले त्याच १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी फ्रेडरिक गॉफ नावाच्या एका बँकवाल्याने गावाचा सामाईक निधी काढला. त्याची अडचण अशी होती की श्रीमंत माणसे मृत्युपत्रात एकेका कामाला पैसा बांधून जात, ते काम कालांतराने उरत नसे, आणि पैसा मात्र कुलपात. याला तिकडे ‘मेलेल्या माणसाचा हात’ म्हणत. गॉफने सांगितले, ठेव एकत्र ठेवा, आणि तिचे उत्पन्न त्या त्या वेळच्या गरजेप्रमाणे गावातल्या माणसांच्या समितीने वाटावे. आणखी एक शहाणपण त्यांनी केले. पैसे वाटत सुटण्याआधी, १९१५-१६ साली, शहरातल्या शाळांची बारीक पाहणी करवून घेतली आणि ती छापली. आधी पाहिले, मग दिले.

आपल्याकडे आज पाहायचे झाले तर काय दिसेल? जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार आहे, आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. ते सरकारचे काम आहे आणि ते सरकारकडूनच करून घ्यावे. त्यात गावाने आपला पैसा ओतू नये. नड आता वेगळ्या जागी आहे. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी आली की सुरगाणा-पेठकडची कुटुंबे निफाड-दिंडोरीकडे मजुरीला उतरतात. पोर आईबापाबरोबर जाते, आणि परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्याला आजीपाशी गावातच ठेवता आले, आणि संध्याकाळी कंदिलाऐवजी चांगला दिवा, दूध-भाकर नि अभ्यासाला कुणी जाणता माणूस मिळाला, तर ते वर्ष वाचते. यासाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. परंतु कागद वर जाऊन खाली येईपर्यंत छाटणी उरकते. आठवड्याच्या आत हात देऊ शकतो तो गावचाच निधी.

वर्गातलेही सांगतो. समजा, शाळेने अंगणात पर्जन्यमापक बसवला. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि रात्री २० मिलिमीटर पडला, तर छपरावरून किती पाणी वाहून गेले? मुले २,००० लिटर म्हणतील, आणि मग आपण होऊन विचारतील की गुरुजी, आपल्या वावरात किती? क्षेत्रफळ, गुणाकार आणि दशांश एका भांड्यात शिकवून होतात. इगतपुरीच्या शाळेने आणि येवल्याच्या शाळेने आपापले आकडे पत्राने एकमेकींना कळवले, तर भूगोलही त्यातच आला.

किंवा एका दिवसाचे गाडीभाडे. त्र्यंबकच्या डोंगरात मुलांना उभे करून दाखवावे: ही गोदावरी, पूर्वेला निघाली ती बंगालच्या उपसागरापर्यंत, आणि इथूनच जवळ निघालेली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे. नकाशावर दहा वेळा सांगून जे कळत नाही, ते तिथे पाय ठेवल्यावर कळते.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. एका गावी मी देणगीचे सुंदर कपाट पाहिले, पण त्याला कुलूप. विचारले, तर गुरुजी म्हणाले, “पुस्तक हरवले तर भरून कोण देणार?” त्यांचे काही चुकले नव्हते, चूक देणाराची. पुस्तके फाटणार, हरवणार, हे धरूनच द्यावीत, आणि तसे ठरावात लिहावे. एवढ्या एका ओळीने कपाट उघडते.

निधी उभा कसा करायचा? १ लाखाची ठेव शेकडा ७ ने ठेवली तर वर्षाला ७,००० रुपये येतात. मुद्दलाला हात लागत नाही. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत नोंद करावी, आणि दरवर्षी हिशेब तपासून घेऊन तो चावडीवर लावावा. देणगीदाराचे नाव जरूर लावा. नाशकातले बी. वाय. के. कॉलेज आपण सहज म्हणतो, ती अक्षरे सिन्नरच्या विडी व्यवसायातल्या भिकुसा यमासा क्षत्रियांची. नावाने कुणाचे बिघडत नाही, अटींनी बिघडते. सातपूर-अंबडचे कारखानदारही आता देतात, कारण २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे शेकडा २ समाजकार्याला लावावे लागतात. परंतु ते आपली यादी घेऊन येतात. तुमची यादी आधी तयार असली, तर बोलणे वेगळे होते.

आणि ही यादी करणारी समिती तुमच्याकडे आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे, हे तिचेच काम. पुष्कळ ठिकाणी तिच्या सभेचे कागद घरोघर सही करून आणतात, हे मी सांगायला नको. सभा खरोखर भरवा. आयाबायांना विचारा, पोर घरी काय वाचते. सातवीच्या चारदोन मुलांना बोलावून विचारा, कोणता धडा समजला नाही. त्या उत्तरांतून यादी निघेल. आणि पर्जन्यमापक घ्यायचा ठरला, तर मे महिन्यातच घेऊन बसवा. मृग लागल्यावर ठराव करून उपयोग नाही.