पाठ्यपुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

क्यूआर कोड जन्मला तो जपानमध्ये, १९९४ साली. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी तो घडवला. शाळेच्या पुस्तकात तो येण्यामागे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा मोठा वाटा आहे. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांच्या पानांवर कोड छापून कविता, गोष्टी आणि व्हिडिओ जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी हा मार्ग धरला. डिसले यांना २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हा मोठेपणा पुरस्काराइतकाच लक्षात ठेवावा असा आहे.

कोडच्या तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. म्हणून पुस्तक तिरपं किंवा उलटं धरलं तरी चालतं. माहितीची जास्तीची नोंद आतच असल्याने पानावर शाईचा डाग पडला तरी कोड बहुधा वाचला जातो.

कोडमध्ये धडा नसतो, असतो फक्त त्याचा पत्ता. त्यामुळे पुस्तक पुन्हा न छापता मागचा व्हिडिओ बदलता येतो. पण रेंज नसेल तर चौकोन मुकाच. म्हणून हे कोड उघडणाऱ्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक ॲपवरचं साहित्य आधीच फोनमध्ये उतरवून वर्गात येणारा शिक्षक हाच या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. कॅमेरा बिघडला असेल, तर कोडसोबत छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाईप करूनही धडा उघडतो.