खुर्चीतली शर्यत : नवशिक्याने आधी काय शिकावे?

शर्यतीची मोटार चालविण्याची हौस आणि ती भागविण्याची ऐपत या दोन गोष्टी आपल्याकडे क्वचितच एका घरात नांदतात. मोटारशर्यतीसाठी मुद्दाम बांधलेले ट्रॅक उभ्या भारतात बोटांवर मोजण्याइतके. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे एक, कोइमतूरला एक, आणि ग्रेटर नोएडाचा एक, जेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली. आमच्या हैदराबादकर वाचकांना ११ फेब्रुवारी २०२३ चा दिवस आठवत असेल. त्या दिवशी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई मोटारी धावल्या. पुढील वर्षीची शर्यत मात्र रद्द झाली. अशा स्थितीत इंदूर, बडोदे वा बेळगावच्या एखाद्या मुलाने संगणकापुढील टेबलाला स्टिअरिंग आवळून, पायांखाली पेडल ठेवून देशोदेशींच्या स्पर्धकांशी शर्यत मांडली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी हा प्रकार आहे तरी काय, हे समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. आणि ज्याने ती मांडली आहे, त्यानेही आपण नेमके काय शिकत आहोत याचा थोडा विचार करावा. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

खेळ आणि सराव

मोटारींचे खेळ पुष्कळ आहेत. परंतु सिम्युलेटर त्यांहून निराळा. खेळात गाडी भिंतीवर आपटून पुन्हा सुसाट निघते. सिम्युलेटरमध्ये टायर तापतात, झिजतात, इंधन कमी होईल तशी गाडी हलकी होते, आणि घसरलेली गाडी सावरली नाही तर शर्यत तेथेच संपते. १९९८ साली पॅपिरस या अमेरिकन मंडळीने १९६७ च्या ग्रां प्री हंगामावर आधारलेला ‘ग्रां प्री लेजंड्स’ काढला, तेव्हा अनेकांना पहिली फेरीसुद्धा धड पुरी करता येईना. त्याच मंडळीतील डेव्ह केमर यांनी पुढे जॉन हेन्री यांच्यासमवेत ‘आयरेसिंग’ उभे केले आणि २००८ साली ते लोकांसाठी खुले झाले. त्यातील ट्रॅक लेझर किरणांनी मोजून घेतलेले असतात. खऱ्या रस्त्यावरचा उंचवटा तेथेही स्टिअरिंगला हिसका देतो. इटलीतील कुनोस या संस्थेने २०१४ साली ‘आसेत्तो कोर्सा’ पूर्णत्वास नेला. जपानी ‘ग्रान तुरिस्मो’ तर १९९७ पासून घरोघरी पोहोचला.

या ‘ग्रान तुरिस्मो’तूनच एक नवल घडले. निसान कंपनीच्या साह्याने २००८ साली ‘जीटी अकॅडमी’ सुरू झाली. घरी बसून खेळणाऱ्यांतून निवड करून त्यांना खऱ्या मोटारीत बसवावयाचे, ही तिची कल्पना. पहिला विजेता लुकास ओर्दोन्येझ हा स्पेनमधील विद्यार्थी. तो २०११ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. २०११ चा विजेता यान मार्डेनबरो २०१३ साली तेथेच आपल्या वर्गात तिसरा आला. २०२० साली टाळेबंदीने खऱ्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा चार्ल्स लेक्लर्क, जॉर्ज रसेल, लँडो नॉरिस यांसारखे फॉर्म्युला वनचे चालकही आपापल्या घरून याच पडद्यांवर शर्यती खेळले. तेव्हा हा सराव फुकाचा आहे, असे कोणी म्हणू नये. तथापि दहा हजारांतून एखादाच खऱ्या मोटारीपर्यंत पोहोचतो, हेही मनाशी धरून असावे. उरलेल्यांच्या हाती जे राहते त्याला मोल आहे का, हा खरा प्रश्न.

आधी बैठक, मग वेग

नवशिक्याचा पहिला खर्च बहुधा उपकरणांवर होतो आणि पहिली निराशाही तेथूनच येते. महागडे स्टिअरिंग घेतल्याने कोणी वेगवान होत नाही. हाताला रस्त्याची ओढ जाणवून देणारे साधे स्टिअरिंग आणि घट्ट बसविलेली पेडले प्रारंभास पुरेशी आहेत. चाकांची खुर्ची मात्र घातक. ब्रेकवर जोर देताच ती मागे सरते. तिची चाके अडवावीत, किंवा सरळ लाकडी खुर्ची घ्यावी.

दुसरी गोष्ट, पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन. तो पडद्याच्या रुंदीशी आणि डोळ्यांपासूनच्या अंतराशी जुळता ठेवावा. कोन फार रुंद ठेवला तर पुष्कळ दिसते खरे, पण सारे दूर भासते आणि वळण किती जवळ आले याचा अंदाज फसतो. हे काम पाच मिनिटांचे आहे. ते न केल्यास महिनोन्‌महिने ब्रेकची वेळ चुकत राहते.

सोळा आण्यांचा हिशेब

वेगाचे सारे शास्त्र एका गोष्टीत सामावले आहे : गाडीच्या चार टायरांची रस्त्यावरील पकड. ही पकड म्हणजे संसारातील ठरावीक मिळकतच. समजा ती सोळा आणे आहे. सोळाही आणे ब्रेकवर खर्च केले तर वळण्यासाठी काही उरत नाही; स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळच जाते. सारी पकड वळण्यात गुंतली असता ॲक्सिलरेटर दाबला, तर मागची चाके घसरतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. प्रत्यक्षातील हिशेब अगदी सरळ वजाबाकीचा नसतो. पण नवशिक्याने एवढे ध्यानी ठेवले तरी त्याच्या निम्म्या फजित्या टळतील.

यावरून ब्रेकची रीत ठरते. बहुतेक नवशिके ब्रेक भीत भीत दाबतात आणि वळणात शिरल्यावर घाबरून जास्त दाबतात. रीत नेमकी उलट आहे. गाडी सरळ असताना ब्रेक प्रथमच जोराने दाबावा, आणि जसजसे स्टिअरिंग वळू लागेल तसतसा तो अलगद सोडीत जावा. ब्रेककडून वाचलेली पकड वळणाला मिळत जाते. पाय उचलण्याची ही कला दाबण्याच्या कलेहून अवघड आहे आणि ती साधावयास सर्वांत अधिक काळ लागतो.

वळणाची वाट निवडण्यामागेही असेच कारण आहे. रस्त्याच्या बाहेरील कडेने येऊन आतील कडेला स्पर्श करावा आणि पुन्हा बाहेरील कडेकडे निघावे, असे सारे शिक्षक सांगतात. असे केल्याने वळणाची त्रिज्या वाढते. टायरांची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी सुमारे ८० किलोमीटरने जाता येते. तीच त्रिज्या १०० मीटर झाली तर सुमारे ११३ किलोमीटरने. गाडी तीच, टायर तेच. केवळ वाट शहाणपणाने निवडल्याचा हा लाभ.

आणि वळणात शिरण्यापेक्षा त्यातून निघणे महत्त्वाचे. पुढे लांब सरळ रस्ता असेल, तर निघतानाचा थोडासा जादा वेग त्या रस्त्यावर दूरवर साथ देतो. म्हणून शिरताना थोडे सबुरीने, निघताना जोमाने. उशिरात उशिरा ब्रेक दाबण्याची ईर्षा बाळगणारा वळणाच्या तोंडाशी दोन हात कमावतो आणि बाहेर पडताना दहा हात गमावतो.

एक गाडी, एक ट्रॅक

नव्या खेळाडूला सर्व गाड्या आणि सर्व ट्रॅक एकाच आठवड्यात पाहावयाचे असतात. आमचे सांगणे उलट आहे. माझदा एमएक्स-५ सारखी हलकी, बेताच्या ताकदीची गाडी घ्यावी आणि एक लहान ट्रॅक धरावा. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा जुना मार्ग फार मोह घालतो. पण तो २०.८ किलोमीटरचा, सत्तरांहून अधिक वळणांचा. तेथे एक वळण चुकले की ते पुन्हा समोर येण्यास साध्या गाडीला दहाएक मिनिटे लागतात. इंग्लंडमधील ब्रँड्स हॅचचा धाकटा मार्ग सुमारे दोन किलोमीटरचा. तेथे अर्ध्या तासात तेच वळण पंचवीसदा भेटते. हात कोठे बसेल, हे सांगावयास नकोच.

सराव कसा करावा? पहिले काही दिवस वेळेकडे पाहूच नये. प्रत्येक वळणासाठी ब्रेकची एक खूण ठरवावी : अंतराची पाटी, डांबराचा बदललेला रंग, कडेचा खांब. सावलीची खूण धरू नये, ती उन्हाबरोबर सरकते. दृष्टी गाडीच्या नाकावर नको. एक वळण घेत असताना डोळे पुढच्या जागेवर गेलेले असावेत. मग सलग दहा फेऱ्या रस्ता न सोडता पुऱ्या कराव्यात. त्या दहांत एकमेकींपासून अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक राहिला नाही, म्हणजे वेग वाढविण्याचा अधिकार मिळाला असे समजावे. एखादी फेरी नशिबाने वेगवान जमते. दहा फेऱ्या एकसारख्या येणे ही विद्या.

त्यानंतर तुलना. आपल्याहून दोन-तीन सेकंदांनी वेगवान असलेल्याची नोंदलेली फेरी पाहावी. जगज्जेत्याची नको, कारण त्याचे कौशल्य नवशिक्याला दिसतच नाही. त्याने ब्रेक कोठे सोडला, ॲक्सिलरेटर केव्हा धरला, हे आलेखावरून ताडून पाहता येते. एका दिवशी एकच वळण सुधारावे. पाऊण तासानंतर लक्ष विचलित होते आणि हात चुकीच्या सवयी पक्क्या करू लागतो. तेव्हा उठावे हे बरे.

पलीकडे माणूस आहे

एकट्याचा सराव झाला की खरी परीक्षा येते. पडद्यावरील प्रत्येक गाडीत कोठेतरी, कोणत्यातरी घरात बसलेला माणूस असतो. त्याने दिवसाचे काम आटोपून या अर्ध्या तासासाठी वेळ काढलेला असतो. पहिल्याच वळणावर त्याच्यावर जाऊन आदळणे म्हणजे त्याची संध्याकाळ वाया घालविणे होय.

इटलीतील मोंझाचे पहिले वळण यासाठी कुप्रसिद्ध आहे. लांब सरळ रस्त्यावरून सारे भरधाव येतात आणि अगदी अरुंद, नागमोडी जागेत एकदम शिरू पाहतात. पुढच्यांनी ब्रेक लवकर दाबला की मागच्यांची रांग एकमेकांवर कोसळते. नवशिक्याने पहिल्या फेरीत नेहमीपेक्षा लवकर ब्रेक दाबावा, पुढच्याच्या थेट मागे न राहता किंचित बाजूला राहावे आणि जागा मिळविण्याचा विचार दुसऱ्या फेरीवर ढकलावा. शेजारी गाडी असेल तर तिच्यापुरती जागा सोडावी. गाडी फिरलीच तर ब्रेक दाबून धरावा, म्हणजे इतरांना चुकवून जाता येते. रस्ता मोकळा झाल्यावरच परत यावे. निळे निशाण दिसले तर घाबरून बाजूला उडी घेऊ नये. आपली वाट धरून चालावे, मागचा वेगवान चालक आपण होऊन पुढे जाईल.

आपल्याकडील खेळाडूंनी आणखी एक गोष्ट जाणावी. दूरच्या देशातील स्पर्धकाची गाडी आपल्याला किंचित उशिरा दिसते. ताशी २०० किलोमीटरच्या वेगात सेकंदाच्या दहाव्या भागात साडेपाच मीटर अंतर सरते. ते साध्या मोटारीच्या लांबीहून अधिक आहे. तेव्हा जेथे गाडी दिसते तेथे ती असेलच असे नाही. अंतर राखणे येथे सौजन्यच नव्हे, गणितही आहे.

‘आयरेसिंग’मध्ये तर या वर्तनाची चोख नोंद होते. रस्ता सोडल्यास एक गुण, तोल गेल्यास दोन, दुसऱ्या गाडीवर जोराने आदळल्यास चार. हे दोषगुण वाढले की सुरक्षिततेची प्रत घसरते आणि वरच्या परवान्याची शर्यत बंद होते. चूक कोणाची, हे यंत्र पाहत नाही. धडक लागली की दोघांच्याही खाती दोष पडतो. प्रारंभी हा अन्याय वाटतो. परंतु दुसऱ्याची चूक ओळखून वेळीच बाजूला होणे हाही चालकाच्या कर्तव्याचाच भाग आहे, हे तो शिकवितो. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस शर्यतींचे उद्दिष्ट एकच असावे : धडक न लागू देता शर्यत पुरी करणे. आश्चर्य असे की, मागून निघून केवळ शांतपणे चाललेला नवशिका पुष्कळदा पहिल्या पाच-सातांत येऊन बसतो. कारण पुढचे घाईने एकमेकांना बाद करून गेलेले असतात.

पडद्यापलीकडचा रस्ता

एक गोष्ट मात्र सिम्युलेटर शिकवू शकत नाही, आणि ती म्हणजे भीती. वर उल्लेखिलेल्या यान मार्डेनबरोची मोटार मार्च २०१५ मध्ये न्युर्बुर्गरिंगवरील एका चढाच्या माथ्यावर हवेत उचलली गेली, कुंपण ओलांडून प्रेक्षकांत पडली आणि त्यांतील एकजण प्राणास मुकला. पडद्यावर तोच उंचवटा हजारदा ओलांडता येतो. बटण दाबले की गाडी पुन्हा नवी. खऱ्या रस्त्यावर असे बटण नाही.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवरील अपघातांत दगावली, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंमागे अतिवेग होता. पडद्यावर वेगाची चटक लागलेला मुलगा उद्या आग्रा-मुंबई मार्गावर तोच प्रयोग करील, ही आईबापांची धास्ती म्हणूनच निराधार नव्हे. परंतु ज्याने ही विद्या नीट घेतली आहे, त्याला त्या धास्तीचे उत्तरही सापडलेले असते. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हे त्याने पुस्तकात वाचलेले नसते, शेकडो वेळा भिंतीवर जाऊन अनुभवलेले असते. कोरड्या रस्त्यावर, उत्तम टायरांनी, ताशी ५० किलोमीटरची गाडी ब्रेक लागल्यावर दहाएक मीटरांत थांबते. १०० ची चाळीस मीटर घेते. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतचे अंतर निराळेच.

तेव्हा घरातील मुलगा वा मुलगी या छंदात रमली असेल, तर ‘किती वेगाने गेलास?’ असे विचारू नये. ‘आज किती शर्यती धडक न लागता पुऱ्या केल्यास? ब्रेक कोठे दाबलास?’ असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे ज्याला उत्साहाने देता येतात, तो योग्य मार्गावर आहे. त्याच्या हाती घरच्या स्कूटरची किल्ली देताना आईबापांचा जीव थोडा कमी धास्तावेल, आणि या छंदापासून आम्हांस तेवढी अपेक्षा पुरेशी वाटते.