फरशीच्या खालचं काम

गावात नवीन बाथरूम काढायचं ठरलं की घरातल्या मंडळींची पहिली फेरी सिन्नरच्या टाइल्सच्या दुकानात होते. मोबाइलमध्ये कुणाच्या तरी बंगल्याचे फोटो असतात. निळी लाट घ्यायची की लाकडासारखी दिसणारी, यावर तासभर खल होतो. मिस्तरी मात्र परसात उभा राहून एकच प्रश्न विचारतो, "पानी काढायचं कुठं?" त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुणीच ठरवलेलं नसतं.

अशाच एका मिस्तरीच्या मागे मी दोन कामांवर हिंडलो. एक वावीच्या बाजूचं जुनं धाब्याचं घर, दुसरं मुसळगावच्या एमआयडीसीपासून जवळ नुकताच स्लॅब पडलेलं. सिन्नरमधलं जुनं घर म्हटलं की लोक डुबेऱ्याच्या बर्वे वाड्याचं नाव घेतात, कारण १७०० साली थोरले बाजीराव तिथे जन्मले. मी पाहिलेलं घर असं इतिहासातलं नव्हतं. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, तळखड्यांवर उभे सागवानी खांब, एवढाच त्याचा थाट.

या घरातली मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती. दोन शहाबादी फरश्या, वीतभर उंचीचा कठडा आणि भिंतीला एक भोक. भोकातून पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जाई. पिढ्यान् पिढ्या हे चाललं, कारण पाणीच थोडं होतं. पूर्व सिन्नर पर्जन्यछायेतलं, तिथे एका बादलीत अंघोळ व्हायची. भिंत सकाळी ओली झाली तरी दुपारपर्यंत सुकायची. आता घरात नळ आला. जलजीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप रोज मिळो न मिळो, शॉवर, वॉशिंग मशीन आणि मुलांच्या अंघोळी मिळून मोरीत पडणारं पाणी कित्येक पटींनी वाढलं आहे. मातीची भिंत ते खालून वर ओढत राहते आणि तिला सुकायला उसंत मिळत नाही.

बहुतेक जण इथे एकच उपाय करतात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर टाइल. सुरुवातीला छान दिसतं. पण सिमेंट आतल्या ओलीला बाहेर पडू देत नाही, माती आत भुसभुशीत होते आणि एखाद्या पावसाळ्यात टाइलसकट पोपडा खाली येतो. लाकडी खांब जवळ असेल तर त्याचा बुडखा कुजतो, आणि ते कळतं फार उशिरा.

"जुन्या भिताडाला हातच लावायचा नाही," असं मिस्तरीचं म्हणणं. त्याने मोरी तिथून उचलली आणि मागच्या पडवीत नेली. जुन्या भिंतीपासून वीतभर जागा सोडून विटांची नवी भिंत उभी केली. मधल्या फटीत वारा खेळावा म्हणून वर-खाली जाळ्या ठेवल्या. घरमालकाला ही वीतभर जागा फुकट गेल्यासारखी वाटत होती. माझ्या मते त्या कामातला सगळ्यात शहाणा खर्च तोच होता. पाइपसाठी जोत्याचा काळा दगड फोडायचाही मोह मिस्तरीने टाळला. सांडपाणी नव्या भिंतीतूनच बाहेर काढलं. जोतं फोडलं तर वरची माती खचते.

मग ढाळ. गवंड्याच्या हिशेबात आठ सूत म्हणजे एक इंच. बाथरूमच्या जमिनीला फुटाला निदान एक सूत उतार हवा. सहा फुटांच्या खोलीत दारापासून नहाणी ट्रॅपपर्यंत जमीन पाऊण इंच खाली जायला हवी. डोळ्याला हा उतार दिसत नाही, पाण्याला दिसतो. पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्तरीने चारही कोपऱ्यांत पेन्सिलीच्या खुणा केल्या, सूत ताणलं, आणि फरशी बसवण्याआधीच कच्च्या कोब्यावर एक तांब्या पाणी ओतून पाहिलं. पाणी ट्रॅपकडे निघालं, पण एका कोपऱ्यात तळहाताएवढं डबकं राहिलं. त्याने कुरकुर न करता तेवढा कोबा खरवडून परत केला. लाखाच्या टाइल लावलेल्या बंगल्यांत रोज वायपर ओढावा लागतो, तो याच तळहाताएवढ्या जागेसाठी.

युरोपात हल्ली टब काढून टाकून सगळी जमीन ओली होऊ देणारं न्हाणीघर करण्याची हौस आहे. त्यांच्याकडे पुष्कळ घरांत खाली लाकडी जमीन असते, म्हणून आधी रबरासारखा पडदा अंथरावा लागतो. आपली मोरी मुळापासून तशीच. अख्खी जमीन भिजणार हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं, तरी आपण पाण्याच्या बंदोबस्तावर सगळ्यात कमी पैसे घालतो.

स्लॅबच्या घरात अडचण उलटी. तिथे भिंत जपायची नसते, छत जपायचं असतं, कारण पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमखाली कुणाचं तरी देवघर किंवा झोपायची खोली असते. अशा बाथरूमचा स्लॅब बाकीपेक्षा पाऊण-एक फूट खाली टाकलेला असतो. या खड्ड्यात पाइप बसतात आणि त्यावर ब्रिकबॅट कोबा होतो. विटांचे तुकडे आदल्या दिवशी भिजत टाकलेले हवेत. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंट नीट पकडत नाही. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे मिस्तरी गोलाई देतो, तिला वाटा म्हणतात. गळती बहुधा याच काटकोनातून किंवा पाइप स्लॅबमधून जातो तिथून सुरू होते. वॉटरप्रूफिंगचं रसायन सगळ्या जमिनीवर आणि भिंतींवर फूटभर चढवतात. शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या वर.

मुसळगावजवळच्या कामाच्या वेळी मे महिना होता आणि वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती. टाइल्स गच्चीवर येऊन पडल्या होत्या. अशा वेळी मिस्तरीने ट्रॅपचं तोंड बंद केलं आणि बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरून ठेवायला सांगितलं, दोन दिवस. घरातल्या बाई चिडल्याच. "मिस्तरी, टँकरचं पाणी विकत घेतो आम्ही!" त्याने भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारली आणि बाजूला एका टोपात पाणी ठेवलं. उन्हाने किती आटलं ते टोपात कळणार, त्याहून जास्त गेलं तर गळती. "ताई, पानी वाया नाही जानार. हेच गिलाव्यावर मारू." आणि मारलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खोलीच्या छताला, पाइपच्या भोवती, रुपयाएवढा ओला डाग होता. पाइपभोवतीचं काँक्रीट छिन्नीने मोकळं केलं, आकुंचन न पावणारा मसाला भरला, परत रसायन, परत पाणी. वास्तुशांती टाइल्सशिवायच झाली. भटजींना त्याने काही फरक पडला नाही.

सांडपाण्याची कथा वेगळीच. स्वच्छ भारत अभियानात २०१४ पासून घरटी १२ हजार रुपयांचं अनुदान मिळालं आणि तालुक्यात दोन खड्ड्यांची शौचालयं उभी राहिली. आता नवीन बाथरूमचं पाणीही त्याच खड्ड्यांत सोडायचा मोह होतो. तसं करू नये. साबणाचं एवढं पाणी आत गेलं की खड्डे भरतात आणि मैला कुजायचं काम बिघडतं. अंघोळीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा हवा, आणि काळ्या मातीत तो मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. काळी माती फुगली की पाणी जिरूच देत नाही. जागा असेल तर मी अजूनही केळीच्या बाजूने मत देईन.

जुन्या घरातल्या आजींनी उभी हयात विड्या वळण्यात घालवली. सिन्नरमध्ये अशा बाया घरोघरी आहेत. मांडी घालून वर्षानुवर्षं बसल्याचा परिणाम आता गुडघ्यांवर. त्यांच्यासाठी कमोड आणि आधाराचा दांडा हवा होता. दांड्याचे बोल्ट टाइलवर नव्हे, टाइलच्या मागच्या भरीव विटेत बसायला हवेत, म्हणून ती जागा आधीच खुणावून ठेवली. दार आत उघडणारं होतं, ते मिस्तरीने बाहेर उघडणारं केलं. आजी आत पडल्या आणि दाराला टेकून पडल्या, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. उंबरठा अर्ध्या इंचावर आणला. ढाळ नीट असला की उंच उंबरठ्याची गरज पडत नाही. फरशी खरबरीत घेतली, तीही मुलाने "दिसायला साधी" म्हणून दोनदा परत करायला लावली होती.

एक बारीक गोष्ट राहिली. नोकरीसाठी नाशिकला राहणाऱ्यांची गावातली घरं दिवाळीला उघडतात आणि बाथरूममधून घाण वास येतो. दोष सफाईचा नसतो. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी साचलेलं असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. बंद घरात ते आटतं. शेजाऱ्याला किल्ली देऊन महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं की काम होतं.

तुमच्याकडे काम निघणार असेल तर टाइल्स नंतर निवडा. आधी पाणी कुठून निघून कुठे जाणार ते कागदावर काढून घ्या, कोब्यावर दोन दिवस पाणी भरा आणि खालचं छत स्वतः बघा. मिस्तरी "गरज नाही" म्हणाला तर पाणी भरून होईपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका.