वीडर सुरू होत नाही? कार्बोरेटरचा जेट जोर लावून काढू नका



वीडर पेट्रोलसकट चार-सहा महिने पडून राहिला की पेट्रोल उडून जातं, मागे चिकटा राहतो. त्यात पितळी मेन जेट घट्ट धरतो. पितळ मऊ असतं, जोर लावला की खाच मोडते.

१) पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटर सोडवून मोकळ्या हवेत, विडी-चुलीपासून लांब न्या.
२) खालची वाटी, फ्लोट, सुई, रबरी रिंगा काढून ठेवा. क्लीनरने रबर फुगतं.
३) डोळ्यांना चष्मा लावून जेटवर कार्बोरेटर क्लीनर मारा. रात्रभर मुरू द्या.
४) खाचेत पुरेपूर बसेल असाच पेचकस घ्या. वरून दाबून आधी किंचित आवळा, मग उलटा फिरवा.
५) तरी हलेना? क्लीनर वाळल्यावर बॉडीवर उकळतं पाणी ओता. बॉडीचा धातू पितळेपेक्षा जास्त फुगतो, पकड सैल होते. लगेच फिरवून बघा. ज्योत लावू नका.

खाच मोडलीच तर घरी ड्रिल चालवू नका. बॉडीचे आटे गेले तर पूर्ण कार्बोरेटर बदलावा लागतो. एक्स्ट्रॅक्टर असलेल्या मेकॅनिककडे न्या, जेट नवा टाका.

जेट चांगला निघाला तर भोक तारेने कोरू नका, हवा मारा. भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल जास्त खातं, काळा धूर सोडतं.

पुढच्या वेळी हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हा त्रासच राहणार नाही.