गोव्याचा मेस्त आणि समूहसंगीताची शाळा

गोव्याच्या सासष्टी महालातील एखाद्या जुन्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी सकाळी प्रार्थनेला जो मनुष्य बसतो, त्याचे तोंड वेदीकडे आणि पाठ प्रवेशद्वाराकडे असते; आणि त्यामुळे, प्रवेशद्वाराच्या माथ्यावर बांधलेल्या सज्जातून चार निरनिराळ्या उंचीचे स्वर जेव्हा एकाच शब्दावर, एकाच क्षणी, त्याच्या मस्तकावरून वाहू लागतात, तेव्हा ते गाणारे कोण आहेत हे त्याला दिसत नाही. त्या सज्जात गावातलीच मुले असतात, शेतावर राबणारे आणि जहाजावरून रजेवर आलेले त्यांचे वडील असतात, दोन-तीन व्हायोलिने असतात. आणि या सर्वांच्या पुढ्यात एक मनुष्य उभा असतो, ज्याचे नाव इगर्जीतल्या कोणत्याही शिळेवर कोरलेले नसते, परंतु ज्याच्या हाताच्या खालीवर होण्यावर ही सारी स्वररचना उभी असते. गोव्यात त्याला मेस्त म्हणतात.

पोर्तुगिजांच्या अमदानीत या हुद्द्याचे पुरे नाव ‘मेस्त्रे द कापेला’ असे होते. आपल्याकडे सुतार-गवंड्यांच्या मुकादमाला आपण ज्या शब्दाने हाक मारतो तो ‘मेस्त्री’ हा शब्दही याच पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चा वंशज आहे, आणि मला या शब्दबंधुत्वात मोठे औचित्य वाटते, कारण मूळ शब्दाचा अर्थ नेता नव्हे, अधिकारी नव्हे, तर गुरुजी, हाताखालच्यांना काम शिकवून ते काम त्यांच्याकडून उभे करून घेणारा मनुष्य, असा आहे. वाद्यवृंदासमोर छडी हलविणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात जी प्रतिमा असते ती काळ्या कोटातल्या, टाळ्यांच्या कडकडाटात वाकून नमस्कार करणाऱ्या एका दिमाखदार पुरुषाची असते. पण त्या व्यवसायाचा इतिहास जो चाळील त्याच्या हे ध्यानात आल्यावाचून राहणार नाही की हा पुरुष मुळात शाळामास्तर आहे, आणि ज्या ज्या देशात समाजाने त्याला शाळामास्तर म्हणून पोसले त्या त्या देशातच समूहसंगीत रुजले आहे.

या व्यवसायाचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घ्यावे तो इटलीतला ग्विदो नावाचा साधू होता. अकराव्या शतकात आरेत्सो येथील गायकमुलांना प्रार्थनागीते शिकविताना एकेक चाल केवळ ऐकून पाठ करण्यात त्यांची वर्षेच्या वर्षे खर्ची पडतात हे पाहून त्याने स्वर रेषांवर मांडण्याची पद्धती सिद्ध केली, आणि एका स्तोत्राच्या चरणांची आद्याक्षरे घेऊन ‘उत्, रे, मी, फा, सोल, ला’ ही नावे स्वरांना दिली. आज जगभर चालणारे स्वरलेखन हे अशा रीतीने एका मास्तराच्या वर्गातल्या अडचणीतून जन्मास आले आहे. ग्विदोची हीच स्वरनावे पाच शतकांनंतर पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर गलबतातून मांडवीच्या मुखाशी उतरली आणि गोव्याच्या पोरांच्या जिभेवर ‘सोल्फ’ या नावाने बसली.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यातल्या इगर्जींना जोडून ज्या शाळा निघाल्या, त्यांत धर्मपाठ आणि अक्षरओळख यांच्या बरोबरीने संगीत हा विषय सक्तीचा असे. या शाळांचा खर्च इगर्जीच्या आणि गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेच्या, उत्पन्नातून चाले, आणि शिकविणारा मेस्तच असे. मुलाच्या हाती वाद्य लागण्यापूर्वी त्याला कागदावरचे स्वर हाताने ठोका देत देत गाता आले पाहिजेत, असा तेथला दंडक होता. ते साधल्यावर व्हायोलिन, आणि ज्याच्या छातीत दम असेल त्याला क्लॅरिनेट किंवा कॉर्नेट. वर्षाचे पंचांगही मेस्ताला पाठ असावे लागे : लेंटच्या उपवासकाळात मोतेते ही गंभीर भक्तिगीते, गावच्या फेस्ताला म्हणजे सणाला वाजंत्र्यांची मिरवणूक, रस्त्याकडेच्या खुरसापुढे म्हणजे क्रुसापुढे लादाईन ही प्रार्थना, लग्न, आणि मयत. मोबदला बेताचाच असे, आणि त्यातला बराचसा अशा प्रसंगोपात्त मिळकतीवर अवलंबून असे.

यात गोव्याच्या मेस्ताचे काही विशेष दुर्दैव होते असे मात्र कोणी समजू नये. योहान सेबास्टियन बाख, ज्याच्यापुढे पाश्चात्त्य संगीत आजही मान लववते, तो १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत लाइपझिग शहरात हीच चाकरी करीत होता. सेंट थॉमस शाळेतील मुलांना गाणे शिकविणे आणि शहरातील चार इगर्जींना त्यांतून गायक पुरविणे हे त्याचे नेमून दिलेले काम. आणि शहरात मयते कमी झाली म्हणजे त्याच्या उत्पन्नाला तूट येई, अशी तक्रार त्याने १७३० साली एका जुन्या स्नेह्याला पत्राने कळविलेली आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टात त्याने नगरसभेला जो अर्ज गुदरला तो प्रत्येक संगीतशिक्षकाने वाचावा असा आहे. प्रत्येक वृंदात निदान बारा, आणि शक्य तर सोळा गायक असावेत असे सांगून त्याने शाळेतील मुलांचा हजेरीपटच पुढे ठेवला : सतरा कामाचे, वीस अजून तयार न झालेले, आणि सतरा मुळीच उपयोगाचे नव्हेत. हे आकडे वाचताना बाखचे तेजोवलय क्षणभर दूर होते आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी कोणत्याही शाळेत वर्गाकडे पाहून सुस्कारा टाकणारा मास्तर आपल्याला दिसू लागतो. फरक एवढाच की या मास्तराने त्या सतरा आणि वीस मुलांच्या भरवशावर आठवड्यामागून आठवडे आपल्या अमर रचना गाववून घेतल्या.

हे काम नेमके असते तरी काय? आपल्या संगीतात एक गायक, एक चाल, आणि तिला सावरून धरणारी साथ, अशी मांडणी असल्यामुळे निराळ्या संचालकाची गरज सहसा भासत नाही. गवई मांडीवर हात मारून समेवर येतो आणि तबलजी त्याच्याकडे पाहून येतो, इतके पुरते. तथापि एका माणसाच्या हाताने समुदाय बांधला जातो हा अनुभव महाराष्ट्राला अपरिचित नाही. पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने आपला दंड उंच करताच टाळमृदंगांचा तो प्रचंड घोष ज्याने क्षणात निःशब्द होताना पाहिला असेल, त्याला उंचावलेल्या हाताचे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

संचालकाचा उजवा हात ताल दाखवितो आणि डावा हात आवाज चढविण्याउतरविण्याचा इशारा करतो, हे पुस्तकी ज्ञान झाले. खरे मर्म पहिल्या ठोक्याच्या आधी जो एक ठोका असतो त्यात आहे. तो ठोका वाजत नाही. त्यावर सर्वजण श्वास घेतात. त्या निःशब्द ठोक्यातच पुढच्या गाण्याची गती, त्याचा जोर आणि त्याचा भाव यांचा निर्णय झालेला असतो, आणि ज्याचा तो ठोका डळमळीत त्याचा सारा वृंद डळमळीत. याखेरीज कानाचे काम आहे. चाळीस मुले एकदम गात असता तिसऱ्या ओळीतल्या डाव्या टोकाचा मुलगा किंचित उतरला आहे हे ओळखणे, आणि ओळखूनही त्याला सर्वांदेखत न लाजवता वर आणणे, ही विद्या कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला म्हणजे त्याला ‘तू आता गाऊ नकोस’ असे सांगून घरी पाठविणारे शिक्षक पुष्कळ असतात. चांगला शिक्षक त्याला चार-पाच स्वरांच्या आटोपशीर टापूत ठेवून वर्षभर सांभाळतो आणि पुढे त्याच मुलातून खर्जाचा गायक घडवितो. बँडच्या मास्तराची अडचण आणखी वेगळी आहे. क्लॅरिनेटच्या कागदावर ‘सी’ लिहिला असता प्रत्यक्षात निघतो तो ‘बी फ्लॅट’, म्हणजे एक पूर्ण स्वर खालचा. हॉर्नच्या कागदावरील तोच ‘सी’ पंचमाच्या अंतराने खाली बोलतो. तेव्हा वीस वाद्यांचे कागद समोर घेऊन बसलेल्या मास्तराला डोळ्यांनी एक वाचून मनात दुसरे ऐकावे लागते, आणि शिवाय प्रत्येक वाद्य, उत्तम नसले तरी, चूक दाखविण्यापुरते स्वतः वाजविता यावे लागते.

अशी तालीम लहानपणीच मिळालेली गोव्याची पोरे पोट भरण्यासाठी घाट चढून आणि समुद्र ओलांडून बाहेर पडली, तेव्हा त्यांची विद्या हीच त्यांची सनद ठरली. लष्करी पलटणींत, संस्थानिकांच्या बँडांत, मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि पुढे बोलपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत ही मंडळी पसरली. कलकत्त्यास लोबो नावाच्या एका गोमंतकीय बँडमास्तराकडे एक बंगाली तरुण पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकला. तो तरुण म्हणजे पुढे मैहर संस्थानात स्थायिक झालेले उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. साथीच्या रोगात अनाथ झालेली मुले गोळा करून, बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग बनवून त्यांनी मैहरचा जो वाद्यवृंद उभारला त्यातले राग आणि ताल पूर्णपणे आपले होते; पण निरक्षर पोरांचा जमाव शिस्तीत एकत्र वाजू शकतो या श्रद्धेत मला त्या बँडमास्तराच्या शिकवणीचाही अंश दिसतो.

दुसरे उदाहरण माजोर्ड्याचे आहे. तेथल्या इगर्जीतील मेस्ताचा मुलगा अँथनी गोन्साल्विस १९४३ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, व्हायोलिनवादक म्हणून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत दाखल झाला. दिवसभर ध्वनिमुद्रणे करून उरलेल्या वेळात तो शिकवीत असे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्याचे विद्यार्थी. १९५८ साली त्याने भारतीय रागांवर स्वतः बांधलेल्या रचना वाजविण्यासाठी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. परंतु तो प्रयोग फार काळ तगला नाही, आणि १९६५ साली तो अमेरिकेस निघून गेला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यामुळे त्याचे नाव देशभर प्रत्येकाच्या ओठी झाले, आणि ते नाव संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली दक्षिणा होती, हे मात्र गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

मुंबईतच व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ साली एक गायकवृंद स्थापन केला, आणि त्यांच्या पश्चात १९६७ पासून कूमी वाडिया यांनी तो अनेक दशके चालविला. स्त्रीने वृंदासमोर उभे राहून शंभर डोळे आपल्या हातावर खिळवावेत ही गोष्ट त्या काळी आजच्याइतकी सहज नव्हती. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शालेय मुलांच्या समूहगानाचा विचार आपल्या भाषेच्या मुलखात ज्यांनी मनापासून केला त्यांत सोनवड्याचे संगीतकार वसंत देसाई अग्रभागी होते. हजारो मुलांना एका सुरात गाववून दाखविण्याचा त्यांनी घेतलेला ध्यास १९७५ सालच्या त्यांच्या अपघाती मृत्यूने खंडित झाला.

खंडित झाला, असेच म्हणावे लागते, कारण ध्यास एका माणसाचा होता आणि त्यामागे हुद्दा नव्हता. बोस्टन शहराच्या शाळा समितीने लोवेल मेसन या संगीतशिक्षकाच्या आग्रहाने १८३८ साली गायन हा विषय सार्वजनिक शाळांत नेमला. त्यानंतर मेसन राहिला नाही तरी विषय राहिला, आणि आज अमेरिकेत शाळेचा बँडमास्तर हा गणिताच्या शिक्षकासारखाच पगारी, कायम नेमणुकीचा मनुष्य असतो. हंगेरीत कोदाय या संगीतकाराच्या प्रेरणेने १९५० साली केचकेमेट येथे रोज गाणारी प्राथमिक शाळा निघाली, आणि तिच्या मागोमाग तशाच अनेक शाळा निघाल्या. गोव्यात सरकारी शाळा वाढत गेल्या तसतशा इगर्जींच्या शाळा मंदावल्या आणि मेस्ताच्या हाती उरली ती फक्त रविवारची तालीम. १९५२ साली पणजीत आंतोनियु द फिगेरेदु यांनी संगीताची अकादमी काढली, आणि पुढे कला अकादमीत फादर लुर्दिनो बार्रेटो यांच्यासारख्या विद्वानाने पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, ही मोठी कामे खरीच. पण अकादमीत येतो तो ज्याला आधीच संगीताची ओढ लागलेली असते तो मुलगा, आणि मेस्ताच्या शाळेत गावातले प्रत्येक मूल येत होते.

आपल्याकडे शाळेत वाद्ये नसतात असे नाही. प्रजासत्ताकदिनाच्या कवायतीपुरते ढोल आणि बिगूल कपाटातून निघतात, स्नेहसंमेलनापूर्वी आठ दिवस कोणी तरी हार्मोनियम घेऊन स्वागतगीत बसवितो, आणि नंतर पुन्हा कपाटाला कुलूप लागते. त्या आठ दिवसांतही काही मुलांचे डोळे कसे लकाकतात हे ज्या शिक्षकांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो हे कळेल. शाळाचालकांना आणि जिल्हा परिषदांच्या सभासदांना माझी विनंती एवढीच आहे : तुमच्या गावात ज्याला चार मुलांकडून एका सुरात गाववून घेता येते असा कोणी भजनी बुवा, निवृत्त बँडवाला, इगर्जीतला मेस्त किंवा सुरेल गळ्याची शिक्षिका असेल, तर त्या व्यक्तीला संमेलनाच्या आदल्या आठवड्यात बोलावू नका, जूनमध्येच बोलवा, आणि तिचे आठवड्यातले दोन तास शाळेच्या छापील वेळापत्रकात घाला.