संगणकाच्या कामातला व्यत्यय

शिक्षक फळ्यावर एखादी सिद्धता मांडत आहेत. तिसरी ओळ लिहून होते न होते तोच शिपाई नोटीस वही घेऊन दारात उभा राहतो. शिक्षक हातातली ओळ पुरी करतात, वहीवर नजर टाकून सही करतात आणि सिद्धता जेथे थांबली होती तेथून पुढे नेतात. नोटिशीत 'उद्यापर्यंत गैरहजर विद्यार्थ्यांची यादी द्यावी' असे असले, तरी ती यादी कोणी भर तासाला करत बसत नाही. ती मोकळ्या तासाला होते.

संगणकात हाच प्रकार दर सेकंदाला शेकडो, प्रसंगी हजारो वेळा घडत असतो. त्याला 'इंटरप्ट' म्हणतात. मराठीत 'व्यत्यय' म्हणता येईल. मात्र हा व्यत्यय आपणच मागून घेतलेला असतो. का, ते पाहू.

समजा, आपण कळफलकावर मजकूर टाइप करीत आहोत. सराव असलेला माणूस सेकंदाला पाचेक कळा दाबतो, म्हणजे दोन कळांमध्ये सुमारे 0.2 सेकंद जातात. सेकंदाला 100 कोटी ठोके देणाऱ्या साध्या प्रोसेसरच्या दृष्टीने हा काळ 20 कोटी ठोक्यांचा झाला. या काळात प्रोसेसर 'कळ दाबली का? आता दाबली का?' असे विचारत बसला, तर त्याची सगळी शक्ती चौकशीतच जाईल. आणि अधूनमधून विचारायचे ठरवले, तर किती वेळाने विचारायचे? उशीर झाला तर अक्षर हुकणार. त्यापेक्षा कळ दाबली गेली की कळफलकानेच हाक मारावी, हे सोयीचे.

ही हाक म्हणजे एका तारेवरचा विद्युत् संकेत. 1981 साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये या हाका गोळा करण्यासाठी 8259 नावाची एक स्वतंत्र चिप होती आणि तिला आठ तारा जोडता येत. शून्य क्रमांकाच्या तारेवर घड्याळ, एक क्रमांकाच्या तारेवर कळफलक. 1984 च्या पीसी-एटीमध्ये अशीच दुसरी चिप पहिलीला जोडली. जोडणीतच एक तार खर्ची पडल्याने एकूण तारा सोळा न होता पंधरा झाल्या. आजच्या संगणकांत यासाठी अधिक प्रगत व्यवस्था आहे, पण कळफलकाचा 'एक' हा क्रमांक अनेक ठिकाणी अजून टिकून आहे.

हाक आली की प्रोसेसर हातातली आज्ञा पूर्ण करतो. पुढची आज्ञा कोठे आहे तो पत्ता आणि स्वतःची त्या क्षणीची स्थिती स्मृतीत ठेवून देतो. मग एका तक्त्यात पाहून त्या हाकेसाठी नेमून दिलेल्या आज्ञावलीकडे वळतो. ती संपली की ठेवलेला पत्ता उचलतो आणि मूळ काम पुढे चालू. मूळ कामाला मध्ये काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी गुंतागुंत त्यातूनच निघते.

ही नेमून दिलेली आज्ञावली 'ड्रायव्हर'चा, म्हणजे त्या उपकरणाच्या चालक आज्ञावलीचा भाग असते. तिची पहिली कामे तीन: हाक आपल्याच उपकरणाची आहे का ते पाहणे, उपकरणातली माहिती उचलणे आणि 'निरोप पोचला' असे उपकरणाला कळवणे. तिसरे काम विसरले तर पुष्कळशी कार्डे आपला संकेत खाली घेतच नाहीत. सही मिळेपर्यंत दारातून न हलणाऱ्या शिपायासारखी ती उभीच राहतात आणि प्रोसेसर परतला की लगेच पुन्हा हाक. एकाच तारेवर अनेक कार्डे असतील, तर प्रत्येक ड्रायव्हरला आळीपाळीने 'ही हाक तुझी का?' असे विचारावे लागते. सगळेच 'नाही' म्हणू लागले तर? लिनक्स या कार्यप्रणालीत याचा हिशेब ठेवलेला असतो. एक लाख हाकांपैकी 99,900 हून अधिक हाकांना कोणीच वाली निघाला नाही, तर ती तार सरळ बंद केली जाते आणि 'कोणालाच पर्वा नाही' अशा अर्थाचा संदेश नोंदवला जातो.

हाकेला उत्तर देणाऱ्या आज्ञावलीने कशाचीही वाट पाहत थांबायचे नसते आणि लांबण लावायचे नसते. म्हणून लिनक्समध्ये कामाचे दोन भाग करतात. 'वरचा भाग' हाक आल्याबरोबर चालतो आणि माहिती उचलून बाजूला ठेवतो. 'खालचा भाग' सवडीने तिची छाननी करतो. सही दारात, यादी मोकळ्या तासाला.

हे मला पुस्तकातून माहीत होते. तरीही विद्यार्थिदशेत मी एक चूक केली. एका धातूच्या पट्टीची कंपने आम्ही मोजत होतो. त्यासाठी प्रयोगशाळेच्या कार्यशाळेतच एक कार्ड तयार केले होते. ते सेकंदाला 2000 वाचने घेई आणि प्रत्येक वाचनाला एक हाक मारी. कार्डावर जागा मात्र एकाच वाचनाची. अर्ध्या मिलिसेकंदात ते उचलले नाही, तर पुढचे त्याच्यावर लिहिले जाई. ड्रायव्हर मी लिहिला होता. आलेख सुरेख येत होते, पण दर अर्ध्या सेकंदाला रेषेत एक बारीक झटका दिसे. पट्टीला कोठेतरी तडा असावा, किंवा पकड सैल असावी, असे मी धरून चाललो. पकड बदलली, पट्टी बदलली, टेबलाखाली रबर घातले. तीन आठवडे गेले. झटका पट्टीच्या अंतर्गत रचनेमुळे येत असावा, असा एक परिच्छेदही मी लिहून ठेवला होता!

तो वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "झटका नेमका हजाराव्या, दोन हजाराव्या, तीन हजाराव्या वाचनानंतरच का येतो? पट्टीला हजारापर्यंत मोजता येतं का?"

पट्टीला येत नव्हते. माझ्या आज्ञावलीला येत होते. काम चालू आहे हे दिसावे म्हणून मी हाकेला उत्तर देणाऱ्या भागातच दर हजार वाचनांनंतर एक ओळ छापण्याची आज्ञा घातली होती. ती ओळ सेकंदाला 9600 बिट या वेगाच्या तारेवरून पडद्याकडे जाई. एका अक्षराला 10 बिट, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरे. माझी ओळ 40 अक्षरांची, म्हणून तिला सुमारे 42 मिलिसेकंद लागत. तेवढ्या वेळात कार्डाने 80 हून अधिक हाका मारल्या आणि तितकीच वाचने एकमेकांवर लिहिली गेली. फाइलमध्ये हजाराव्या वाचनाला लागून जे 1001 वे वाचन होते, ते प्रत्यक्षात 1080 च्या पुढचे होते. संगणकाने कोठेही चूक दाखवली नाही. दाखवणार तरी कशी? ज्याचा वेळ चोरला गेला, त्याला चोरी कळतच नव्हती. छपाईची आज्ञा खालच्या भागात हलवली आणि झटका नाहीसा झाला. त्या तीन आठवड्यांची वाचने मात्र टाकून द्यावी लागली.

उत्तर कितीही आटोपशीर ठेवले, तरी हाकाच अति झाल्या तर काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. विचारायलाच हवा. सेकंदाला 100 कोटी बिट वाहून नेणाऱ्या जालाच्या तारेवर सर्वांत लहान आकाराची पाकिटे आली, तर ती सेकंदाला 14 लाख 88 हजार इतकी असू शकतात. प्रत्येक पाकिटाला एक हाक धरली, तर दोन हाकांत एक मायक्रोसेकंदही उरत नाही. प्रोसेसर नुसत्या सह्या करीत राहतो आणि पाकिटे उघडायला वेळच मिळत नाही. यंत्र चालू असते, पण काम शून्य. या अवस्थेचे विवेचन मोगुल आणि रामकृष्णन यांनी 1996 च्या एका शोधनिबंधात केले. पुढे लिनक्सने स्वीकारलेली युक्ती गमतीची आहे: पहिली हाक आली की त्या कार्डाच्या हाका तात्पुरत्या बंद करायच्या आणि पाकिटे संपेपर्यंत आपणच 'आणखी आहे का?' असे विचारत राहायचे. संपली की हाका पुन्हा चालू. कळफलकासाठी जी रीत आपण सुरुवातीला टाकाऊ ठरवली, तीच येथे उपयोगी पडते, कारण येथे 'आहे' हेच उत्तर बहुतेक वेळा येते.

लिनक्स असलेला लॅपटॉप हाताशी असेल, तर वर्गात एक प्रयोग करून पाहावा. 'प्रॉक' या निर्देशिकेत 'इंटरप्ट्स' नावाची फाइल असते. प्रत्येक तारेवर आतापर्यंत किती हाका आल्या, ते तीत दिसते. 'वॉच' ही आज्ञा वापरून ती सतत ताजी होत राहील असे करावे आणि 1 क्रमांकाची ओळ पाहावी. (यूएसबीने बाहेरून जोडलेला कळफलक येथे चालणार नाही. त्याला स्वतःहून हाक मारता येत नाही. नियंत्रकच त्याला ठरावीक काळाने विचारतो. सर्वच लॅपटॉपमध्येही ही ओळ हलेल असे नाही.) 'ए' ही कळ एकदा दाबून सोडली की आकडा दोनाने वाढतो. दाबल्याची एक हाक, तिच्याबरोबर 30 हा संकेतांक. सोडल्याची दुसरी, तिचा संकेतांक 128 ने जास्त, म्हणजे 158. नंतर बाणाची कळ दाबून सोडावी. आकडा चाराने वाढेल. मूळच्या पीसीच्या कळफलकावर बाणांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. त्या नंतर आल्या, तेव्हा जुन्या संकेतांकांपुढे 224 हा जादा आकडा जोडून त्यांची सोय केली गेली, आणि प्रत्येक आकड्यासाठी एक हाक लागते.